तीन सूत कमी

आमच्या वर्गाच्या मराठीत 'माणूस' या शब्दाला एक खास अर्थ आहे. पंखा कुरकुरू लागला की आपण म्हणतो, 'माणूस बोलवायला हवा.' नळ गळू लागला, माणूस बोलवा. दाराची बिजागरी सुटली, माणूस बोलवा. ह्या माणसाला नाव नसते, गाव नसते. त्याचा दूरध्वनी क्रमांकही आपण 'फ्रिजवाला', 'गळतीवाला' अशाच नोंदींखाली ठेवतो. तो येतो, पाऊण तासात काम उरकतो आणि पैसे सांगतो. मग आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहून म्हणतो, 'एवढ्याचे एवढे?' गेल्या उन्हाळ्यापर्यंत आम्ही दोघेही हे वाक्य बिनदिक्कत उच्चारत होतो. उभयतांची हयात महाविद्यालयात मराठी शिकवण्यात गेली. हातात खडूपेक्षा जड हत्यार कधी धरले नाही, आणि त्याचे कधी वैषम्यही वाटले नाही.

विषय तसा क्षुल्लक आहे. आमच्या पुण्यातल्या घराच्या दिवाणखान्याच्या व अभ्यासिकेच्या खिडक्या पश्चिमेला आहेत. एप्रिलपासून दुपारी चारनंतर ऊन थेट पुस्तकांच्या कपाटावर येते. जुने कापडी पडदे विटले होते. म्हणून खिडकीच्या मापानुसार बनवून मिळणारे रोलर ब्लाइंड मागवावेत असे ठरले. (ह्या वस्तूला मराठीत रुळलेला शब्द नाही, 'गुंडाळपडदा' असा एक शब्द आम्ही घरात योजून पाहिला, पण सुनेने हसून तो निकालात काढला.) बसवून देण्याचे खिडकीमागे तीनशे रुपये वेगळे पडणार होते आणि बसवणारा माणूस तीन आठवड्यांनी येणार होता. मागणीपत्रात 'स्वतः बसवा' असाही एक पर्याय होता व त्यासमोर हसऱ्या जोडप्याचे चित्र होते. आम्ही त्या पर्यायावर खूण केली. पैसे वाचवण्यासाठी केली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. श्रमप्रतिष्ठेचा विचार तेव्हा मनाला शिवलाही नव्हता.

मापे घेण्याचे काम पाच मिनिटांचे वाटले होते. सूचनापत्र सांगत होते की खिडकीच्या खाचेत ब्लाइंड बसवायचा असल्यास रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा व त्यांतली सर्वांत कमी धरा. आम्ही मोजली. वर १२१४ मिलिमीटर, मध्ये १२०९, खाली १२१७. पुन्हा मोजली, पुन्हा तेच. मग दोन्ही कर्ण मोजायला सांगितले होते, ते ११ मिलिमीटरने वेगळे भरले. ज्या खिडकीसमोर बसून आम्ही पंचवीस वर्षे चहा घेतला ती आयत नाही, हा शोध आम्हांला त्या दिवशी लागला. गवंड्याने गिलावा करताना एका बाजूस जाड थर दिला होता, दुसऱ्या बाजूस पातळ. डोळ्याला हे कधी दिसले नव्हते. डोळ्याला आयत पाहण्याची सवय असते म्हणून त्याला आयतच दिसतो.

त्यातच मोजपट्टीचे टोक हलते आहे असे लक्षात आले. पोलादी टेपच्या टोकाला जी वळवलेली पत्र्याची जिव्हाळी असते ती आमच्या टेपमध्ये सैल होती. वस्तू सदोष आहे असे समजून आम्ही ती हार्डवेअरच्या दुकानात परत न्यायला निघालो होतो. शेजारच्या सदनिकेतील अभियंता गृहस्थांनी थांबवले. ती जिव्हाळी मुद्दामच सैल ठेवलेली असते, आणि स्वतःच्या जाडीइतकीच सरकते. टोक कडेला अडकवून ओढले तर ती बाहेर सरते, भिंतीला टेकवून दाबले तर आत जाते. म्हणून बाहेरचे व आतले दोन्ही माप अचूक येते. ज्याला आम्ही दोष समजलो होतो ती अचूकतेची व्यवस्था होती. वृत्तांच्या मात्रा मोजण्यात आम्ही उणीपुरी पस्तीस वर्षे घालवली. मोजण्याच्या साधनाकडे इतक्या बारकाईने पाहण्याची वेळ मात्र कधी आली नव्हती.

आमच्या लहानपणी घरी येणारे सुतार मिलिमीटरमध्ये बोलत नसत. त्यांचे माप सुतात असे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. 'दोन सूत कमी घे', 'एक सूत तासून काढ' अशी त्यांची भाषा. महाराष्ट्रातले सुतार अजूनही तशीच बोलतात, टेपवर सेंटिमीटर छापलेले असोत वा नसोत. सुतार हा शब्द संस्कृत सूत्रधारापासून आला असे व्युत्पत्ती सांगते. नाटकाच्या आरंभी येणारा सूत्रधार आणि बलुतेदारांतला सुतार एकाच शब्दाची लेकरे. वर्गात हे आम्ही शेकडो वेळा सांगितले असेल, आणि सांगताना आमचे सगळे लक्ष नाटकातल्या सूत्रधाराकडे असे. दुसऱ्याच्या हातात खरोखरचे सूत होते, त्याला ओळंबा नि गुण्या लागत होता, आणि त्याची चूक प्रेक्षकांच्या टाळ्यांत बुडून जात नव्हती, हे सांगायचे राहून गेले.

चूक आमचीही बुडाली नाही. खाचेत बसवायच्या ब्लाइंडाला दोन्ही बाजूंस थोडी मोकळीक हवी, नाहीतर तो भिंतीला घासतो. ही मोकळीक, म्हणजे सुमारे १० मिलिमीटर, कारखान्यात वजा केली जाते. ग्राहकाने फक्त खाचेचे माप द्यायचे. आम्ही अति शहाणपणाने १२०९ मधून १० आधीच वजा केले, ११९९ लिहिले आणि पुढच्या रकान्यात 'हे खाचेचे माप आहे' अशी खूणही केली. कारखान्याने नियमाप्रमाणे आणखी १० वजा केले. ब्लाइंड आला तो ११८९ मिलिमीटरचा. शिवाय रोलर ब्लाइंडमध्ये दोन बाजूंचे ब्रॅकेट व साखळीचे चाक ह्यांच्यासाठी कापड एकूण रुंदीहून तीनएक सेंटिमीटर कमीच असते. परिणामी दोन्ही कडांना उन्हाच्या उभ्या पट्ट्या राहिल्या. परत पाठवण्याची सोय नव्हती, कारण मापानुसार बनवलेली वस्तू दुसऱ्या कोणाच्याही खिडकीला बसत नाही. ती परत घेऊन विक्रेत्याने करावे तरी काय? दोष द्यायला कोणी नव्हते. आयुष्यात प्रथमच घरातल्या एखाद्या बिघडलेल्या कामाबद्दल 'त्या माणसाने घोळ केला' असे म्हणता येत नव्हते, आणि ही अडचण आम्हांला त्या पट्ट्यांपेक्षा अधिक बोचली.

खिडकी झाकण्याची ही खटपट तशी जुनी आहे आणि तिच्यात भाषेच्या गमती बऱ्याच आहेत. आपल्या गवाक्षात बैलाचा डोळा दडलेला आहे. इंग्रजीतला विंडो हा प्राचीन नॉर्स भाषेतील 'वाऱ्याचा डोळा' ह्या अर्थाच्या शब्दापासून आला. दोन दूरच्या संस्कृतींना भिंतीतले भोक पाहून डोळाच आठवला, आणि तो झाकणाऱ्या वस्तूस इंग्रजांनी सरळ 'आंधळा' म्हणून टाकले. फ्रेंचांनी फटींच्या झडपेला 'जालुझी' म्हणजे मत्सर असे नाव दिले. बाहेरच्याने आत पाहू नये, आतल्याने मात्र बाहेर पाहावे, ही वृत्ती त्या नावाने नेमकी पकडली आहे. आमच्या समोरच्या इमारतीतील रहिवासी आमच्याविषयी ह्याहून वेगळे काही म्हणत नसावेत.

पण ऊन हा खरा मुद्दा होता, आणि तिथे आम्ही निराळीच चूक केली होती, जी मापात अचूक राहिलो असतो तरी झालीच असती. जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यात बांबूच्या कामट्यांची चिक सोडलेली असे. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे बांधून त्यांवर पाणी शिंपडत. दोन्हींत एक शहाणपण समान होते: अडसर खोलीच्या बाहेर असे. ऊन आत येण्याआधीच अडवले जाई. आपला ब्लाइंड काचेच्या आत असतो. ऊन काचेतून आत येते, कापडावर पडते, तिथे त्याची उष्णता होते आणि ती उष्णता काचेबाहेर तितक्या सहजी परत जात नाही. कापडाची पाठ पांढरी असेल तर काही भाग परावर्तित होतो, एवढाच दिलासा. डोळ्यांना सुख मिळते, पुस्तके विटत नाहीत. खोली मात्र तापायची तेवढी बरीचशी तापतेच. वर छज्जा आहे की, असे कोणी म्हणेल. पुण्यात मेच्या मध्यास शून्य सावलीच्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या उंचीवरच्या सूर्याला छज्जा पुरतो. संध्याकाळचा कलता सूर्य छज्ज्याच्या खालून सरळ आत शिरतो. चार्ल्स कोरिया ह्यांना मुंबईत हाच पेच पडला होता: समुद्राचे दृश्य व वारा पश्चिमेला, आणि दुपारचे ऊन व पाऊसही पश्चिमेलाच. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या कांचनजंगा इमारतीत त्यांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडाच उंचावर नेऊन ठेवला, दोन मजली उंचीची खोल गच्ची करून. आमच्या इमारतीच्या बांधकाम व्यावसायिकाने व्हरांडा गाळला, आणि पुढे आम्ही स्वतःच उरलेली गच्चीही काच लावून खोलीत घेतली. आपण भिंतीतून जे काढून टाकतो ते पुढे दुकानातून मापे देऊन विकत आणतो. असो.

आता भोके पाडण्याविषयी. शेजाऱ्यांनी आपले हॅमर ड्रिल दिले आणि तीन गोष्टी बजावल्या. स्विचबोर्डाच्या सरळ वर भोक पाडू नका, तारांच्या नळ्या भिंतीत बहुधा उभ्या जातात. सहा मिलिमीटरचे बिट लावा आणि त्याला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा. आणि घाई करू नका. चौथी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, ती अनुभवाने कळली: खिडकीच्या वर वीट नसते, काँक्रीटचा लिंटल असतो, व त्याच्या पोटात सळया असतात. पहिले भोक गिलाव्यातून लोण्यासारखे गेले, तीन सेंटिमीटरवर बिट सळईला लागले आणि एक किंकाळी उठली. भोक दीड सेंटिमीटर बाजूला सरकवावे लागले; ब्रॅकेट सरकला म्हणून दुसऱ्या टोकाचाही सरकवावा लागला, नाहीतर कापड तिरके उतरते. आमच्यापैकी एकाने शिडी धरली होती, दुसऱ्याने भोकाखाली धूळ झेलायला पाकीट. घरात 'साभार परत' आलेल्या पाकिटांची कधी टंचाई नव्हती. त्यांचा इतका सरळ उपयोग मात्र प्रथमच झाला.

भोकात स्क्रू थेट धरत नाही. आधी प्लास्टिकची गिट्टी ठोकायची, मग स्क्रू फिरवला की ती फुगून काँक्रीटला चहूबाजूंनी घट्ट पकडते. ह्या गिट्टीची आद्य आवृत्ती विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदाराने काढली. तोवर भिंतीत मोठे भोक करून लाकडाचा ठोकळा बसवत आणि त्यात स्क्रू पिळत. रुपयाला मिळणाऱ्या त्या तुकड्यावर घराघरांतली कपाटे, आरसे, पूर्वजांच्या तसबिरी टांगलेल्या आहेत. पहिली खिडकी व्हायला आम्हांला पूर्ण दीड दिवस लागला. दुसरी चार तासांत झाली.

दुसरी खिडकी झाल्यावर वेष्टनात प्लास्टिकचे दोन लहान तुकडे व दोन स्क्रू उरले. जादा दिले असतील असे समजून आम्ही ते खणात टाकले. ब्लाइंड वर-खाली होत होते, साखळी डौलात लोंबत होती, आम्ही कृतार्थ होतो. पुढच्या रविवारी मुलगा-सून आले. चार वर्षांच्या नातीने दिवाणात चढून ती मण्यांची साखळी गळ्यात घातली आणि हाक मारली, "आजी, बघ, माझी माळ!"

काही झाले नाही. सून दोन पावलांवर होती. पण त्या रात्री आम्ही सूचनापत्र प्रथमच शेवटपर्यंत वाचले. ते दोन तुकडे साखळीचा फास भिंतीशी ताणून ठेवण्यासाठी होते. त्यांच्याविना साखळी लोंबती राहते, आणि लहान मूल अशा फासात अडकले तर ओरडूही शकत नाही. युरोपात २०१४ च्या सुधारित मानकानुसार अशा साखळीचा तळ जमिनीपासून किमान दीड मीटर वर असावा लागतो. अमेरिकेतील मानकाने तयार मापाच्या ब्लाइंडांवरील लोंबत्या दोऱ्या डिसेंबर २०१८ पासून बंद केल्या. मापानुसार बनवलेल्या मालाला मात्र जून २०२४ पर्यंत सवलत राहिली. बाजारात 'खास तुमच्यासाठी' ह्या शब्दांना जे वजन आहे त्याचा हाही एक पैलू. आमच्या दोन खिडक्यांचे ते तुकडे रात्री अकरा वाजता बसले. दिवाण दुसऱ्या भिंतीला गेला.

ह्या प्रसंगानंतर 'स्वतः बसवा' ह्या घोषणेकडे आम्ही अधिक संशयाने पाहू लागलो. ब्लाइंडाच्या व्यवसायात जोखमीची कामे दोनच: माप घेणे आणि भिंतीत बसवणे. कापड कापणे व दांडीला चिकटवणे यंत्र करते. विक्रेता नेमकी ती दोन कामे ग्राहकाकडे सोपवतो, त्याबरोबर त्यांतली जबाबदारीही सोपवतो, आणि वर सांगतो की ह्यात आनंद आहे. अमेरिकेत हा आनंद जुना आहे. 'टाइम' साप्ताहिकाने ऑगस्ट १९५४ मध्येच 'स्वतः करा' ह्या छंदावर मुखपृष्ठ-लेख दिला होता. जिथे सुताराचा तास महाग असतो तिथे मालकाला हातोडी उचलावीच लागते, आणि मग तिच्याभोवती एक तत्त्वज्ञान जमते. आपल्याकडे सुताराचा तास स्वस्त आहे. तो स्वस्त का आहे, ह्या प्रश्नाचे उत्तर बाजारापेक्षा आपल्या जातिव्यवस्थेत अधिक सापडेल. म्हणून परदेशातून परतलेले आमचे काही स्नेही जेव्हा 'तिकडे सगळे स्वतःच करतात' असे अभिमानाने सांगतात, तेव्हा आम्हांला पूर्ण पटत नाही. तिकडे तो नाइलाजही असतो.

उलट बाजूचे स्नेही म्हणतात की तुम्ही स्वतः ब्लाइंड बसवता म्हणजे एका गरिबाची तीनशे रुपयांची मजुरी बुडवता. युक्तिवाद सोयीचा आहे. हेच लोक त्या तीनशेचे अडीचशे करून घेताना आम्ही पाहिले आहेत, आणि आम्हीही तसे केलेले आहे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, तेव्हा त्याची थट्टा करणाऱ्यांत सुशिक्षित मध्यमवर्ग मागे नव्हता. मुलांनी टकळी फिरवून काय शिकायचे, असा त्याचा सूर असे. ती योजना जशीच्या तशी चालली असती असे आमचेही मत नाही. परंतु दीड दिवस शिडीवर काढल्यावर एवढे मात्र वाटते की ज्याने कधी भोक पाडले नाही त्याला भोकाची किंमत ठरवण्याचा अधिकार नसावा. पाऊण तासात काम उरकणाऱ्याने त्या पाऊण तासाआधी किती सळयांवर बिटे मोडली असतील, हे आम्हांला कधी सुचलेच नव्हते. तो वेगाने काम करतो म्हणून आम्ही त्याला कमी देऊ पाहत होतो. तो आमच्यासारखा रखडला असता तर कदाचित आनंदाने अधिक दिले असते!

तिसरी खिडकी स्वयंपाकघराची. तिथे भिंतीला वरपर्यंत फरशा आहेत, आणि फरशी तडकली तर त्या रंगाची आता मिळत नाही. आम्ही फोन केला. गृहस्थ ठरल्या वेळी आले. त्यांचे नाव विचारले, चहा आधी झाला, मग त्यांनी आमच्याच टेपने खिडकी मोजली. मोजण्यापूर्वी टेपची जिव्हाळी अंगठ्याने हलवून पाहिली. फरशीवर चिकटपट्टी लावून त्यांनी हॅमर बंद ठेवून सावकाश भोक पाडले. फरशी पार झाल्यावरच हॅमर चालू केला. पस्तीस मिनिटे लागली. साखळीचा तुकडा त्यांनी न विसरता, न सांगता बसवला.

जाताना दिवाणखान्यापाशी थांबले. ब्लाइंड खाली ओढून त्यांनी कडेची फट बोटाने चाचपली आणि विचारले, "हे कोणी बसवलं?"

आम्ही सांगितले.

"बसवलंय सरळ," ते म्हणाले. "माप तीन सूत कमी घेतलंत."

त्यांनी चारशे सांगितले, आम्ही चारशे दिले. फरशीच्या कामाचा दर तोच आहे की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही आणि चौकशी केलेली नाही. दिवाणखान्यातल्या उन्हाच्या दोन पट्ट्या अजून आहेत. साधारण पावणेपाचला डावीकडची पट्टी कपाटाच्या तिसऱ्या फळीवर येते. तिथली पुस्तके आम्ही खालच्या फळीवर हलवली आहेत आणि त्या जागी पितळेचा लोटा ठेवला आहे.